लायब्ररीच्या नावातला बेअरिंग नंबर: मकरपुऱ्यातल्या एका मिलिंग मशीनचं प्रकरण

८ सप्टेंबर २०२४, रविवार. दीड दिवसाचा गणपती पोचवून घरी आले, हातपाय धुतेय तोच काकांचा फोन. काका म्हणजे वडिलांचे मित्र. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, त्यांची तीन मशीनची शेड आहे. म्हणाले, "अगं, ड्राइव्ह चालू आहेत, मोटारी चालू आहेत, नवा कॉम्प्युटरही चालू आहे. फक्त मशीन चालत नाही."

आधीची हकीकत थोडक्यात सांगते. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि अर्ध्या बडोद्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. काकांच्या शेडमध्ये नदी आली नाही, पण रस्त्यावरचं पाणी गुडघ्याच्या जरा खालपर्यंत आलं. इलेक्ट्रिकल पॅनेल भिंतीवर उंच होतं, म्हणून ड्राइव्ह (मोटारींना वीज देणारे डबे), पॉवर सप्लाय, ब्रेकआउट बोर्ड (कॉम्प्युटर आणि ड्राइव्ह जोडणारी पाटी) सगळं वाचलं. कॉम्प्युटर मात्र त्यावर धातूच्या चिप्स उडू नयेत म्हणून लाकडी पेटीत, जमिनीलगत ठेवलेला. चिप्सपासून वाचला, पाण्यात गेला.

हा कॉम्प्युटर जुन्या मिलिंग मशीनचा मेंदू होता. काकांनी २०१६मध्ये मशीनचे हँडव्हील काढून बॉलस्क्रू (टेबल सरकवणारे स्क्रू) आणि स्टेपर मोटारी (ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या) बसवल्या, वर लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर घातलं. डेबियन ७ (लिनक्सचा एक प्रकार), आरटीएआयचं कर्नल (वेळ तंतोतंत पाळणारा गाभा), लिनक्ससीएनसी २.७ आणि ड्राइव्हला पल्स पाठवायला पॅरलल पोर्ट. आठ वर्षं त्याला नेट दाखवलं नाही, अपडेट दाखवलं नाही, आणि त्याने कधी तक्रार केली नाही. असं मशीन म्हणजे घरातली म्हातारी. एकाच खोलीत ठेवा, वर्षानुवर्षं ठणठणीत. खोली बदलली की पडते.

काकांचा भाचा कॉलेजात आहे, हुशार आहे. त्याने जुन्या बाजारातून आय-फाइव्हचा एक डेस्कटॉप आणला, त्यावर डेबियन १२ घातलं आणि लिनक्ससीएनसी चढवायला बसला. चार दिवस बसला.

चार दिवसांत काय काय झालं होतं

मी सोमवारी सकाळी गेले तेव्हा पडद्यावर जे होतं त्याचा मराठीत अर्थ असा: लिनक्ससीएनसी-यूस्पेस या पॅकेजला लिबबूस्ट-पायथन १.६७ (एक लायब्ररी, म्हणजे इतर सॉफ्टवेअरने वापरायचा तयार कोड) लागतं, पण ते बसवता येण्याजोगं नाही. लिबरीडलाइन ७ लागतं, तेही नाही. पायथन-जीटीके २ लागतं, तेही नाही. आणि शेवटी एक ओळ: अडचण सोडवता येत नाही, तुम्ही तुटकी पॅकेजेस अडवून ठेवली आहेत.

या शेवटच्या ओळीने भाच्याची एक अख्खी संध्याकाळ खाल्ली होती. 'अडवून ठेवली आहेत' म्हटल्यावर तो बिचारा कोणी काय अडवलंय ते शोधत बसला. पॅकेजेस आणून बसवणारं डेबियनचं हत्यार म्हणजे एपीटी. त्यात अडवलेल्या पॅकेजची यादी दाखवणारी आज्ञा आहे, एपीटी-मार्क शोहोल्ड. तिने काहीच दाखवलं नाही, कारण काहीच अडवलेलं नव्हतं. गुंता सुटला नाही की एपीटी ही ओळ छापतं, मग कोणी काही अडवलेलं असो वा नसो. इतकी वर्षं झाली, हे वाक्य कोणी बदलत का नाही, मला कळलेलं नाही.

मी आधी त्याला काही विचारलं नाही. एपीटीची हिस्टरी नावाची नोंदवही उघडली. कोणती आज्ञा कधी दिली, कोणतं पॅकेज आलं, कोणतं गेलं, सगळं तारीख-वेळेसकट तिथे असतं. माणूस चार दिवसांनी विसरतो, शिवाय घरातल्या मोठ्यांसमोर थोडं लपवतोही. नोंदवहीला दोन्ही जमत नाही. तिच्यातून आणि मग भाच्याशी बोलून क्रम असा लागला.

पहिल्या दिवशी त्याने लिनक्ससीएनसी २.८चं पॅकेज उतरवलं, कारण अहमदाबादच्या एका मित्राकडे २.८ व्यवस्थित चालत होतं. डीपीकेजीने (उतरवलेलं पॅकेज थेट बसवणारी आज्ञा) बसवायला घेतलं, अवलंबित्वाची, म्हणजे त्याला आणखी काय काय लागतं त्याची, यादी आली. मग त्याने डीपीकेजीला 'अवलंबित्व सोडून दे, जबरदस्तीने बसव' असं सांगितलं. पॅकेज बसलं. त्याला वाटलं, जिंकलो.

त्यानंतर एपीटीने बोलणंच बंद केलं. साधा कॅल्क्युलेटर बसवायला गेलं तरी 'आधी तुटलेलं दुरुस्त करा'. दुरुस्तीची आज्ञा दिली की एपीटी शांतपणे लिनक्ससीएनसीच काढून टाकायचं म्हणे. एपीटीच्या बाजूने ते बरोबरच होतं. ज्याच्या गरजा कुठेच भागत नाहीत ते पॅकेज काढणं हीच त्याची दुरुस्ती.

दुसऱ्या दिवशी लिनक्ससीएनसी हा कार्यक्रम चालवून पाहिला. एक लायब्ररी सापडत नाही म्हणून बंद. ही होती रीडलाइन ७. डेबियन १२मध्ये रीडलाइन ८ आहे. त्याने ८च्या फाइलला ७च्या नावाचा दुवा, म्हणजे टोपणनाव, करून दिला. आणि ते चाललं! माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महागात पडलेली गोष्ट हीच. पहिली थाप पचली की माणूस दुसरी मारतो.

पुढचा अडथळा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या २.७ आवृत्तीचा. ते डेबियन १२मध्ये नाही, म्हणून त्याने डेबियन ११ची ओळ भांडारांच्या (एपीटी जिथून पॅकेजेस आणतं त्या साठ्यांच्या) यादीत घातली. ११मध्ये २.७ अजून शिल्लक होतं, ते आलं. त्याच्याबरोबर लिबएसएसएल १.१ आलं, लिबएफएफआय ७ आलं. पायथन-जीटीके २ मात्र ११मधूनही गेलेलं होतं. मधल्या काळात त्याने पिपने (पायथनचं स्वतःचं बसवायचं हत्यार) काही पायथनी मॉड्यूल घालायचा प्रयत्न केला. डेबियन १२मध्ये पिप त्याला नकार देतं, सांगतं की हे पायथन व्यवस्थेच्या ताब्यात आहे, इथे हात लावू नका. नकार ओलांडायचा एक पर्याय आहे आणि त्याचं नावच 'व्यवस्थेची पॅकेजेस मोडा' असं आहे. भाच्याने तो वापरला. मी म्हटलं, "अरे, नाव तरी वाचायचंस." तो म्हणाला, "ताई, वाचलं ना. पण दुसरा रस्ता दिसत नव्हता."

शेवटी बूस्टची पाळी. रीडलाइनला चाललं तेच औषध. १.७४च्या फाइलला १.६७च्या नावाचा दुवा. लायब्ररी सापडली, उघडली, आणि कार्यक्रम पुढच्याच ओळीला 'हे चिन्ह (लायब्ररीतल्या फंक्शनचं नाव) ओळखीचं नाही' म्हणून पडला. तिथे चार दिवस संपले.

काकांना बेअरिंगमुळे समजलं

काका कलाभवनात शिकलेले. म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा तंत्रज्ञान विभाग, पण १८९०मध्ये सयाजीरावांनी सुरू केलेल्या संस्थेचं नाव जुन्या बडोदेकरांच्या तोंडून जात नाही. लिनक्स त्यांना आवडत नाही, पण मोडलेली वस्तू का मोडली ते कळल्याशिवाय झोपही येत नाही. ते स्टूल ओढून शेजारी बसले. "मला सांग, नक्की काय लागत नाहीये?"

मी टेबलावरचं बेअरिंग उचललं. ६२०४. काकांना विचारलं, "याचं बोअर, म्हणजे आतलं भोक, किती मिमी?"

"वीस."

"मोजलं नाहीत."

"मोजायचं काय त्यात? शेवटचे दोन आकडे गुणिले पाच. ०४ म्हणजे वीस, ०५ म्हणजे पंचवीस."

मग मी त्यांना अडलेल्या फाइलचं पूर्ण नाव कागदावर लिहून दिलं: लिबबूस्ट-पायथन, त्याला चिकटून २७, मग डॉट एसओ, मग १.६७.०. आणि भाच्याने जिला हे नाव दिलं होतं ती खरी फाइल: लिबबूस्ट-पायथन, चिकटून ३११, डॉट एसओ, १.७४.०. काकांनी चष्मा वर केला. "म्हणजे हा २७ काहीतरी आहे आणि तो ३११."

तेच. २७ म्हणजे पायथन २.७साठी बांधलेली, ३११ म्हणजे पायथन ३.११साठी. पुढचा आकडा बूस्टच्या स्वतःच्या आवृत्तीचा. नावातच दोन मापं आहेत आणि दोन्ही जुळत नाहीत. रीडलाइनच्या ७ आणि ८मध्ये या कार्यक्रमाला लागणारी फंक्शनं तीच राहिली होती, म्हणून दुवा खपला. पायथन २ आणि ३मध्ये आतली चिन्हंच बदलली आहेत. ६२०५वरचा नंबर पुसून ६२०४ कोरला तरी २०च्या शाफ्टवर ते खुळखुळणारच.

"मग हे पॅकेज कोणत्या शाफ्टचं?" काकांनी विचारलं. नेमका हाच प्रश्न चार दिवसांत कोणी विचारला नव्हता. उत्तर त्या तीन ओळींतच होतं. बूस्ट १.६७, रीडलाइन ७ आणि पायथन-जीटीके २ ही तिन्ही एकत्र नांदतात ती डेबियन १०मध्ये, २०१९च्या 'बस्टर'मध्ये. ११मध्ये आणि १२मध्येही बूस्ट १.७४ आणि रीडलाइन ८. म्हणजे पडद्यावरची यादी ही काय काय आणायचं त्याची यादी नव्हतीच. तो पत्ता होता. हे पॅकेज बस्टरच्या घरचं आहे, चुकून तुमच्याकडे आलंय, एवढंच ती सांगत होती. पत्ता चुकलेलं पार्सल आपण परत करतो. त्यातल्या वस्तूला जागा व्हावी म्हणून घराची भिंत पाडत नाही.

एपीटीची तीन वाक्यं वेगवेगळी असतात आणि ती वेगवेगळीच वाचायला हवीत, हेही त्या सकाळी भाच्याला दाखवलं. 'बसवता येण्याजोगं नाही' म्हणजे तुमच्या यादीतल्या कुठल्याच भांडारात ते पॅकेज नाही. मग एक तर भांडाराची ओळ राहिलीय, नाही तर पॅकेज दुसऱ्या पिढीचं आहे. 'बसवलं जाणार नाही' म्हणजे ते पॅकेज आहे, पण त्याचंच पुढे कुठेतरी अडलंय. अशा वेळी तेच पॅकेज एकटं बसवायला सांगायचं, की खरी अडचण एक पायरी वर येते. आणि 'अमुक आवृत्ती हवी, पण तमुक बसणार आहे' म्हणजे वस्तू एकच, माप दोन. दोन भांडारं एकमेकांशी भांडतायत. कोणती आवृत्ती कुठून येतेय हे पाहायला एपीटी-कॅश पॉलिसी आहे. मी तर काहीही बसवण्याआधी हीच आज्ञा देते. पावती बघून पिशवी उचलावी तसं.

सकाळचं कोडं

एक गोष्ट मात्र मलाही लगेच उलगडली नाही. भाचा म्हणाला, रोज सकाळी अपडेट दिलं की सहीच्या फाइलची चूक येते, चहा पिऊन परत दिलं की येत नाही. त्याचा निष्कर्ष: सकाळी जीआयडीसीत नेट खराब असतं. तेवढ्या वैतागाने त्याने डेबियन ११च्या ओळीला 'विश्वासू' असा शेराही मारून टाकला होता, म्हणजे सही तपासायचीच नाही.

मंगळवारी सकाळी मी मुद्दाम त्याच्याआधी पोचले. कॉम्प्युटर सुरू केला, नेट जोडताच अपडेट दिलं. चूक आली: सुरक्षा भांडाराची फाइल अजून वैध झालेली नाही, आणखी काही तास अवैध आहे. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात सोमवारची संध्याकाळ होती. आम्ही शेड बंद केली तीच वेळ.

मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल मेलेला होता. शेडमध्ये रात्री मेन स्विच पाडतात, मग घड्याळाला काही आधारच राहत नाही. डेबियनमधली वेळ जुळवणारी सेवा सुरू होताना शेवटची लक्षात ठेवलेली वेळ परत लावते. म्हणून तारीख अगदीच वेडीवाकडी दिसत नव्हती, फक्त रात्रीएवढी मागे होती, आणि तेवढ्या रात्रीत सुरक्षा भांडारात नवी फाइल सही होऊन आलेली असे. आपल्या घड्याळाच्या हिशेबाने ती उद्या जन्मणार. नेट जोडल्यावर थोड्या वेळात घड्याळ जुळायचं आणि चूक नाहीशी व्हायची. श्रेय चहाला मिळायचं.

सेल रावपुऱ्यातल्या घड्याळजीकडून आणला. परतताना सेव उसळ बांधून घेतली, कारण काकांच्या शेडमध्ये मंगळवारी डबा उशिरा येतो.

पुसून टाकायचं ठरलं

हा कॉम्प्युटर साफ करता आला असता. डेबियन ११ची ओळ काढायची, त्या भांडारातून आलेली पॅकेजेस शोधून काढायची, पिपने घातलेलं उचलायचं, हाताने केलेले दुवे पुसायचे. अर्ध्या दिवसाचं काम. घरचा कॉम्प्युटर असता तर केलंही असतं. पण याच्या पुढे टेबल सरकवणारी मोटार आहे आणि टेबलासमोर माणूस उभा असतो. कुठल्या कोपऱ्यात कुठला दुवा राहिलाय याची शंका घेऊन मी स्पिंडल सुरू करणार नाही. काकांना म्हटलं, पुसते. त्यांनी फक्त "किती वेळ?" विचारलं.

खरं तर रस्ता सोपा होता. लिनक्ससीएनसी २.९पासून पायथन ३ आणि जीटीके ३वर (खिडक्या-बटणं दाखवणारी लायब्ररी) आलंय. डेबियन १२च्या स्वतःच्या भांडारातही लिनक्ससीएनसी-यूस्पेस आहे, फक्त ते २.९च्या पूर्व-आवृत्तीचं आहे. आणि लिनक्ससीएनसीवाल्यांची डेबियन १२वर आधारलेली तयार आयएसओ, म्हणजे अख्खी व्यवस्था बसवायची प्रत, मिळते, तीत रिअल-टाइम कर्नल आधीच असतं. आम्ही आयएसओ घेतली. भाचा थोडा खट्टू झाला. चार दिवसांची लढाई आणि तोडगा पाऊण तासाचा! मी त्याला म्हटलं, तुझ्या चार दिवसांमुळेच मला कुठे बघायचं ते कळलं. हे अगदी खरं नव्हतं, पण पूर्ण खोटंही नव्हतं.

लगेच माझी पाळी आली. मशीनला काकांनी स्वतः लिहिलेला एक छोटा घटक होता. टेबल ठरावीक अंतर सरकलं की वंगणाचा पंप काही सेकंद चालवणारा. जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क उन्हात वाळवून भाच्याने वाचवली होती आणि त्यातून या घटकाची तयार झालेली फाइल त्याने जपून आणली होती. ती डॉट केओ. आरटीएआयमध्ये घटक कर्नलचं मॉड्यूल होऊन चालतात, म्हणून केओ. यूस्पेसमध्ये ते कर्नलच्या बाहेर, साधी डॉट एसओ लायब्ररी म्हणून चालतात. जुनी फाइल इथे कामाची नाही. नशिबाने त्याच डिस्कवर मूळ कॉम्प फाइल, म्हणजे काकांनी लिहिलेला कोड, तोही सापडला.

त्यातून घटक नव्याने बांधायला हॅलकंपाइल ही आज्ञा लागते आणि ती वेगळ्या डेव्ह पॅकेजमध्ये येते. माझ्या पेनड्राइव्हवर डेव्ह पॅकेज होतं. मोठ्या ऐटीत बसवायला गेले, तर एपीटीने तिसरं वाक्य तोंडावर मारलं: लिनक्ससीएनसी-यूस्पेसची अमुकच आवृत्ती हवी, पण तमुक बसलेली आहे. डेव्ह पॅकेजला मुख्य पॅकेज तंतोतंत त्याच आवृत्तीचं लागतं, आणि माझ्याकडचं डेबियनच्या भांडारातलं होतं, २.९.०च्या पुढे लाटेसारखी खूण आणि 'प्री१'. त्या लाटेचा अर्थ 'याच्या आधीचं': २.९.० तिच्याहून मोठं ठरतं. आयएसओमधलं लिनक्ससीएनसी त्याच्याही पुढचं. भाचा माझ्याकडे बघून काहीच बोलला नाही. शहाणा मुलगा. मुख्य पॅकेज जिथून आलं त्याच भांडारातून डेव्ह उतरवलं आणि घटक पहिल्या फटक्यात बांधला गेला.

जुन्या फाइली

मांडणीच्या फाइली २.७च्या. २.८मध्ये लिनक्ससीएनसीने अक्ष आणि सांधे वेगळे केले. पूर्वी मोटारीच्या पिनला 'ॲक्सिस शून्य' म्हणत, आता 'जॉइंट शून्य' म्हणतात. जुनी आयएनआय फाइल (मशीनची मापं आणि वेग असलेली) उघडली की कार्यक्रम स्वतःच विचारतो, रूपांतर करू का? आधी जुन्याची प्रत ठेवतो, मग आयएनआय आणि तीत नोंदलेल्या हॅल फाइली (कुठली पिन कुठे जोडायची ते सांगणाऱ्या) बदलतो. काकांनी 'हो' म्हटलं. फाइल चाळताना 'ईएमसी' असं शीर्षक असलेला भाग त्यांच्या लक्षात आला. म्हणाले, हे काय? हे जुनं कुळनाव. लिनक्ससीएनसीचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेतल्या एन्हान्स्ड मशीन कंट्रोलरमध्ये आहे. नाव बदललं, सातबाऱ्यावरचं राहिलं.

नव्या कॉम्प्युटरला पॅरलल पोर्ट नव्हता, स्लॉटमध्ये कार्ड घातलं. कार्डाचा पत्ता जुन्या ठरलेल्या ३७८चा नसतो, तो एलएसपीसीआय या आज्ञेने पाहून हॅल फाइलमध्ये लिहिला. पाच मिनिटांचं काम, पण न सांगितल्यास एक दिवसाचं.

कर्नल आणि काकांचा हिशेब

मोटारी जोडण्याआधी लेटन्सी टेस्ट, म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा कॉम्प्युटरला किती उशीर होतो त्याची चाचणी. भाच्याने आपल्या आधीच्या मांडणीवरही ती केली होती आणि घाबरला होता. आकडा १०० मायक्रोसेकंदांच्या खूप वर. त्याचं म्हणणं, कर्नल तर रिअल-टाइमच होतं, नावात प्रीएम्प्ट लिहिलेलं होतं. इथे बरेच जण फसतात. डेबियन १२चं साधं कर्नलही आपल्या माहितीत 'प्रीएम्प्ट डायनॅमिक' छापतं. आपल्याला हवं असतं 'प्रीएम्प्ट आरटी'. 'यूनेम -ए' ही आज्ञा देऊन 'प्रीएम्प्ट'च्या पुढे काय आहे ते बघायचं.

नव्या मांडणीवर टेस्ट अर्धा तास चालवली. चालू असताना फाइली कॉपी केल्या, खिडक्या ओढल्या, व्हिडिओ लावला, मुद्दाम जेवढा त्रास देता येईल तेवढा दिला. सर्वांत वाईट आकडा ३४ मायक्रोसेकंद. बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग आणि वीज वाचवणाऱ्या सोयी बंद केल्यावर २८.

काका नाराज. जुन्यावर ८ होता म्हणाले, आणि बेस थ्रेड (पल्स काढणारा फेरा) २५ मायक्रोसेकंदांचा होता. हे खरं आहे. कॉम्प्युटर स्वतः पल्स काढतो तेव्हा आरटीएआय अजूनही भारी पडतं. भाच्याने लगेच मेसा कार्डाची किंमत काढली, म्हणजे पल्स कार्ड काढेल आणि कॉम्प्युटरला दर एक मिलिसेकंदाला हिशेब दिला की पुरे. सल्ला चुकीचा नव्हता. पण पैसे काढण्याआधी आम्ही कागद काढला.

मोटार २०० स्टेपची, ड्राइव्हवर आठ मायक्रोस्टेप, म्हणजे एका फेऱ्याला १,६००. बॉलस्क्रू एका फेऱ्याला ५ मिमी सरकवणारा. म्हणजे एका मिलिमीटरला ३२० पल्स. साध्या मांडणीत एका पल्सला बेस थ्रेडचे दोन फेरे लागतात, एक वर जायला आणि एक खाली यायला. २५ मायक्रोसेकंदांना सेकंदाला २०,००० पल्स, म्हणजे मिनिटाला ३,७५० मिमी. बेस थ्रेड ५०चा केला तर निम्मे, मिनिटाला १,८७५ मिमी.

"काका, तुम्ही रॅपिड किती ठेवलाय?"

काकांनी आयएनआय फाइलमध्ये रॅपिड, म्हणजे टेबलाचा सर्वांत जास्त वेग, पाहिला आणि मग हसले. १,५००. त्याच्या वर टेबल थरथरतं म्हणून आठ वर्षांपूर्वी त्यांनीच कमी केलेला. मेसा कार्डाचे पैसे वाचले. बेस थ्रेड ५०वर ठेवला.

गुरुवारी ड्राइव्ह बंद ठेवून सगळे अक्ष पडद्यावर फिरवले, इमर्जन्सी स्टॉप तीन वेळा दाबून पाहिला, मग ड्राइव्ह चालू करून हवेत प्रोग्रॅम चालवला, मग लाकडात, मग ॲल्युमिनियममध्ये. वंगणाचा पंप वेळेवर बोलला. ऑपरेटर भाई बाजूला उभे होते, त्यांनी एवढंच विचारलं, "बेन, हवे जॉब लगाडुं?" म्हणजे, ताई, आता जॉब लावू का? मी म्हटलं, लगाडो.

साडेबारा नग

शनिवारी परत काकांचा फोन. आवाजात काळजी नव्हती, पण खवचटपणा होता.

मशीनला एक मोजणीची पायथन स्क्रिप्ट होती. काकांच्या जॉबला दोन सेटिंग लागतात, आधी एक बाजू, मग उलटून दुसरी. स्क्रिप्ट सायकल मोजायची, दोनाने भागायची आणि दिवसअखेर नग एका फाइलमध्ये लिहायची. पायथन ३वर ती पहिल्याच दिवशी प्रिंटच्या ओळींवर अडली होती, कारण आता तिथे कंस लागतात. ते भाच्याने माझ्यासमोर दुरुस्त केलं आणि आम्ही दोघांनी विषय संपवला. पायथन २मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तर पूर्णांकच येतं, उरलेलं गळून पडतं. पायथन ३मध्ये गळत नाही. पण ही चूक ओरडत नाही. कार्यक्रम पडत नाही, पडदा लाल होत नाही. शुक्रवारी फाइलमध्ये १४.० आलं होतं. त्या पॉइंट शून्याकडे कोणी पाहिलं नाही, मीसुद्धा नाही, आणि मला ती फाइल भाच्याने फोटो काढून पाठवली होती.

"पंचवीस सायकल झाल्या आज," काका म्हणाले, "आणि तुझं नवं लिनक्स म्हणतंय साडेबारा नग. तो अर्धा कोणाच्या चलनावर घालू, तेवढं सांग."

भाच्याला फोनवरून एका तिरप्या रेघेच्या दोन करायला सांगितल्या. उरलेली बाजू सोमवारी सकाळी मारली, तेरावा नग पूर्ण झाला.